विजेची जकात

पूर्वी देशावरचा माल घाट उतरून बंदराकडे निघाला म्हणजे वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर त्याला जकात भरावी लागे, आणि गोणी गलबतात चढेपर्यंत तिच्या मूळ किमतीचा बराच अंश या नाक्यांच्या पेट्यांत जमा झालेला असे. विजेचा प्रवास याहून फारसा निराळा नाही. धरणाच्या पायथ्याशी किंवा कोळशाच्या भट्टीशेजारी निर्माण झालेली वीज जेव्हा आपल्या टेबलावरच्या दिव्यापर्यंत, आगगाडीच्या चाकापर्यंत किंवा खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीपर्यंत येते, तेव्हा तिचा दाब, म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण ज्याला व्होल्टेज म्हणतो तो, वाटेत अनेकदा बदलावा लागतो. आणि दाब बदलण्याच्या प्रत्येक ठिकाणी तिच्याकडून काही ना काही वसूल केले जाते. ही जकात नाण्यांत नव्हे, उष्णतेत भरायची असते. चालू चार्जरवर हात ठेवला असता जी ऊब लागते, ती या वसुलीचीच खूण होय. गेल्या शंभर वर्षांत ही जकात कशी उतरत गेली याचा वृत्तांत येथे सांगायचा आहे, आणि तो सांगताना एका उपेक्षित पक्षाची बाजू मांडण्याचाही माझा हेतू आहे. या इतिहासात स्फटिकाचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या अंतरंगातील सिलिकॉनच्या तुकड्याचे, गुणगान पुष्कळ झाले; परंतु तो स्फटिक ज्या घरात नांदतो त्या घराचे, म्हणजे पॅकेजचे, नाव क्वचितच कोणी घेतले.

दिशा बदलत राहणाऱ्या, म्हणजे प्रत्यावर्ती, प्रवाहापुरता हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटला होता. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तीन अभियंत्यांनी बंद गाभ्याचे रोहित्र सिद्ध केले, आणि लोखंडी गाभ्यावरच्या दोन वेटोळ्यांतील वेढ्यांचे प्रमाण जसे ठेवावे तसा दाब चढवता किंवा उतरवता येतो, ही वहिवाट जगभर रूढ झाली. रोहित्रात हलणारा भाग नाही, आणि मोठ्या रोहित्राची जकात शेकडा एक-दोनाहून सहसा अधिक नसते. परंतु एकाच दिशेने वाहणाऱ्या एकदिश प्रवाहापुढे रोहित्राचे काही चालत नाही. आणि बॅटरीचा प्रवाह एकदिश, जुन्या आगगाड्यांच्या मोटरींना मानवणारा प्रवाह एकदिश, पुढे आलेल्या साऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा प्रवाहही एकदिशच. म्हणजे जेथे गरज सर्वांत मोठी, तेथेच हे साधन निरुपयोगी होते.

याचा पुरावा मुंबईकरांच्या अगदी पायांखाली होता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची विजेवर चालणारी पहिली गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्यास गेली. तारेतला दाब १५०० व्होल्ट होता आणि प्रवाह एकदिश होता. प्रत्यावर्ती विजेपासून असा प्रवाह काढण्यासाठी त्या काळी जगभर दोन साधने वापरीत: एक, रात्रंदिवस फिरणारी अवजड रूपांतरक यंत्रे, आणि दुसरे, पीटर कूपर हेविट यांनी १९०२ च्या सुमारास शोधून काढलेले, पाऱ्याच्या निळसर वाफेतून वीज एकाच दिशेने जाऊ देणारे एकदिशकारक. ही झाली उपकेंद्राची गोष्ट. खुद्द गाडीतला मामला याहून खर्चिक होता. गाडी उभी असताना मोटरीला अगदी थोडा दाब पुरतो; तारेत मात्र पूर्ण १५०० व्होल्ट सज्ज. तेव्हा मोटरी आधी एकीमागे एक जोडून नंतर समांतर करावयाच्या, आणि तरीही उरलेला दाब डब्याखालच्या लोखंडी रोधकांत जिरवावयाचा, हीच रीत होती. ज्यांनी जुन्या लोकलमधून प्रवास केला आहे त्यांना स्थानक सोडताना तळाशी होणारे ते टप्प्याटप्प्याचे खटके आठवत असतील. त्यातला प्रत्येक खटका म्हणजे एकेक रोधक वाटेतून बाजूला झाल्याची वर्दी असे. पुढचे स्थानक आले की कष्टाने मिळवलेला तो वेग ब्रेकच्या ठोकळ्यांवर घासून पुन्हा उष्णतेतच घालवायचा. निघताना जकात आणि थांबतानाही जकात, असा हा दुहेरी अंमल मुंबईने अनेक दशके सोसला.

जकात टाळण्याची युक्ती मात्र तत्त्वतः ठाऊक होती, आणि ती एका क्षुल्लक वस्तूत दडलेली होती. व्हॉल्व्हच्या काळात मोटारीतल्या रेडिओला दोनशे व्होल्टांच्या आसपास दाब लागे, आणि मोटारीची बॅटरी होती ६ किंवा १२ व्होल्टांची. त्यासाठी रेडिओत व्हायब्रेटर नावाची एक डबी असे. तिच्यातली पोलादी पट्टी सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा थरथरून प्रवाह जोडी आणि तोडी. तुटक झालेला हा प्रवाह मग रोहित्राला चाले. जोड-तोडीच्या या खेळात ठिणग्यांनी पट्टीची टोके जळत आणि डबी काही काळाने बदलावी लागे. परंतु तत्त्व बिनचूक होते.

ते तत्त्व नीट समजून घ्यावे, कारण पुढचा सारा इतिहास त्याचाच विस्तार आहे. १२ व्होल्टांच्या बॅटरीवरून ५ व्होल्टांचे, १ अँपिअर प्रवाह घेणारे यंत्र चालवायचे आहे, असे समजा. मध्ये नुसता रोध घातला तर यंत्राला ५ वॅट मिळतात आणि ७ वॅट रोधात जळतात. म्हणजे मालापेक्षा जकात जड. आता रोधाऐवजी मध्ये एक स्विच ठेवला, आणि तो सेकंदाला हजारो वेळा उघड-बंद करीत दर आवर्तनातला पाच-बारांश काळच जोडलेला ठेवला, तर सरासरी दाब ५ व्होल्टच येईल. तुटक प्रवाहाला सलगपणा देण्यासाठी पुढे एक वेटोळे आणि एक कपॅसिटर बसवावा. यात जळते ते किती? स्विच जोडलेला असताना त्यातून प्रवाह जातो, पण त्याच्या दोन टोकांत दाब जवळजवळ नसतो. तुटलेला असताना दाब पूर्ण असतो, पण प्रवाह नसतो. उष्णता तर दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकारातून निर्माण होते, आणि दोहोंपैकी एक सदैव शून्याच्या घरात. जकात लागते ती केवळ जोडलेल्या स्थितीतील किंचित रोधापायी आणि जोडण्या-तोडण्याच्या संधिकालापुरती. जितका स्विच चपळ आणि जितका त्याचा रोध अल्प, तितकी जकात कमी. आणि जितकी आवर्तने अधिक, तितके वेटोळे व कपॅसिटर लहान. वानवा होती ती केवळ न झिजणाऱ्या स्विचची.

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर ट्रान्झिस्टर सिद्ध केला, आणि शॉकली यांनी लवकरच त्याला अधिक टिकाऊ रूप दिले. जर्मेनियमचा स्वभाव मात्र नाजूक. शंभर अंशांच्या आतच तो आपला गुणधर्म सोडू लागे. १९५४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बाजारात आणले, आणि दीडशे अंशांपर्यंत न डगमगणारे द्रव्य अभियंत्यांच्या हाती आले. येथेच घराचा प्रश्न प्रथम उभा राहिला. रेडिओच्या संदेशाला लागणारा ट्रान्झिस्टर कसल्याही टोपीत ठेवला तरी चाले. पण जो अनेक अँपिअर वाहणार, त्याच्या नखाएवढ्या अंगात निर्माण होणारी उष्णता क्षणोक्षणी बाहेर काढली नाही तर तो डोळ्यांदेखत जळून जाई.

माझ्या लेखनाच्या मेजावर अनेक वर्षे एक जुना २-एन-३०५५ ट्रान्झिस्टर आहे. अमेरिकेतील आर.सी.ए. कंपनीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी आणलेला हा ट्रान्झिस्टर लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या हौशी मुलांनी विकत नेला. डोळ्याच्या आकाराचे जाड धातूचे बूड, त्यावर गोल टोपी, दोन बाजूंना दोन स्क्रूंची भोके आणि खाली काचेच्या मण्यांतून निघालेल्या दोन काड्या: टी-ओ-३ या नावाने ओळखले जाणारे हे घर. एकदा कानसीने टोपी कापून मी आत पाहिले. एवढ्या ऐसपैस वाड्यात राहणारा धनी होता काही मिलिमीटर लांबीरुंदीचा एक करडा चौकोन, बुडाला डाखाने चिकटवलेला. बाकी सारी जागा रिकामी. परंतु ते बूड निष्कारण जाड नव्हते. चौकोनातली उष्णता डाखातून बुडात, बुडातून अभ्रकाच्या पातळ चकतीत, चकतीच्या दोन्ही अंगांना लावलेल्या पांढऱ्या मलमातून ॲल्युमिनियमच्या पंखांत आणि तेथून हवेत, असा हा मार्ग ठरलेला. दस्तऐवजात त्याची क्षमता ११५ वॅट लिहिलेली असते, पण बूड २५ अंशांवर राखले तरच, अशी अट तिथेच असते. म्हणजे ती सनद एकट्या स्फटिकाच्या नावाने नसून स्फटिक आणि घर या दोघांच्या नावाने आहे.

यानंतरची स्फटिकाची प्रगती थोडक्यात सांगता येते. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर आणला. तो हजारो व्होल्ट आणि शेकडो अँपिअर पेलू लागला, आणि पाऱ्याच्या एकदिशकारकांचे राज्य त्याने हळूहळू संपवले. पण हुकमाने सुरू होणारा हा स्विच हुकमाने बंद होत नसे. १९५९ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतच अटाला आणि कांग यांनी मॉसफेट सिद्ध केला, ज्याच्या दाराशी नुसता दाब दिला की प्रवाह सुरू आणि काढला की बंद. मॉसफेटातला प्रवाह प्रथम पृष्ठावरूनच आडवा वाहत असे. १९७० च्या दशकात तो वरून खाली, स्फटिकाच्या संपूर्ण जाडीतून उभा वाहवण्याची रचना झाली, आणि दशकाच्या अखेरीस इंटरनॅशनल रेक्टिफायर कंपनीत ॲलेक्स लिडो आणि टॉम हर्मन यांनी एका चकतीवर हजारो षट्कोनी कोष मधाच्या पोळ्याप्रमाणे शेजारी शेजारी बसवून हेक्सफेट घडवला. उभ्या रचनेमुळे स्फटिकाचा संपूर्ण तळ हाच विजेचा आणि उष्णतेचाही राजमार्ग झाला. घराच्या भुईशी स्फटिकाचे नाते इतके निकट पूर्वी कधी नव्हते.

मॉसफेटची मर्यादा अशी, की त्याला अधिक दाब सोसायला लावावा तसा त्याचा रोध दाबाच्या मानाने फारच झपाट्याने वाढतो. आगगाडी किंवा कारखान्याची मोटर त्याच्या आवाक्याबाहेरची. ही कोंडी फोडण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते जयंत बालिगा १९४८ मध्ये मद्रासला जन्मले, बंगलोरजवळच्या जालहळ्ळीत वाढले आणि मद्रासच्या आय.आय.टी.तून १९६९ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेस गेले. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मॉसफेटचे आज्ञाधारक दार आणि जुन्या द्विध्रुवी ट्रान्झिस्टरची मुबलक वाहकता एकाच स्फटिकात नांदवली; तोच आय.जी.बी.टी. होय. या स्फटिकाच्या पोटात एक थायरिस्टर दबा धरून बसलेला असे आणि प्रवाह वाढला की तो जागा होऊन हुकूम मोडी. १९८४ मध्ये तोशिबाच्या अभियंत्यांनी त्याचा पक्का बंदोबस्त केला. आज विजेवरच्या गाड्यांपासून स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीपर्यंत हाच स्विच राबत असतो.

पण आय.जी.बी.टी. टी-ओ-३ च्या वाड्यात मावणारा नव्हता. शेकडो अँपिअरसाठी अनेक स्फटिक शेजारी बसवायचे, त्यांची उष्णता एकाच पत्र्यात सोडायची, पण वीज मात्र त्या पत्र्यात उतरू द्यायची नाही, अशी ही परस्परविरुद्ध मागणी होती. १९७५ मध्ये जर्मनीच्या सेमीक्रोन कंपनीने असे पहिले वीजरोधक मोड्यूल बाजारात आणले. पुढे या घराची भुई ठरली ती ॲल्युमिनासारख्या चिनीमातीच्या जातीच्या पातळ फरशीची, जिच्या दोन्ही अंगांना तांबे थेट चिकटवलेले असते. हे चिकटवण्याची रीत पाहण्याजोगी आहे. तांबे वितळते १०८५ अंशांवर. पण त्याच्या पृष्ठावर ऑक्सिजनचा किंचित संस्कार झालेला असला, तर तो पापुद्रा १०६५ अंशांवरच द्रवतो. या दोहोंतल्या वीस अंशांच्या चिंचोळ्या पट्टीत भट्टी स्थिर ठेवायची. पत्रा घन राहतो, पापुद्रा द्रवून फरशीला भिनतो आणि निवल्यावर दोहोंची गाठ पडते. मध्ये डाख नाही आणि गोंदही नाही.

तरीही एक वैरी उरलाच, आणि तो म्हणजे प्रसरण. तापमान एक अंशाने वाढले असता सिलिकॉन दहा लाखांत सुमारे ३ भाग फुगते, तांबे १७ आणि वरून जोडलेली ॲल्युमिनियमची तार २३. स्वभावाने इतक्या भिन्न मंडळींना एका छताखाली जखडून ठेवले की प्रत्येक तापण्या-निवण्यात त्यांच्या सांध्यांवर ताण येतो. मुंबईची लोकल दर दोन-चार मिनिटांनी थांबते आणि पुन्हा धावते. प्रत्येक निघण्यात स्फटिक तापतो, प्रत्येक थांबण्यात निवतो, आणि अशी आवर्तने काही वर्षांतच लाखांच्या घरात जातात. डाखाला सूक्ष्म भेगा पडतात, तारेचे टाके उचलले जातात. स्फटिक ठणठणीत असतानाच घर खचते. म्हणून डाखाच्या जागी चांदीच्या सूक्ष्म भुकटीची योजना झाली. अडीचशे अंशांच्या आसपास दाबाखाली ती भुकटी एकजीव होते, आणि एकदा जमली की ९६१ अंशांपर्यंत वितळत नाही. तारांच्या जागी तांब्याच्या पट्ट्या आल्या. यातले एकही काम गाजलेले नाही. पण यंत्राचे आयुष्य दुपटी-तिपटीने वाढते ते अशाच कामांनी.

याच्या उलट टोकाला संगणकाचा प्रोसेसर आहे. त्याला १ व्होल्टाच्या आसपास दाब आणि शंभर-शंभर अँपिअर प्रवाह लागतो. अशा वाटेत केवळ एक सहस्रांश ओहम रोध असला तरी १० वॅट जळतात. आणि मॉसफेट सुधारत सुधारत अशा पायरीला आला की त्याच्या स्वतःच्या रोधाइतकाच रोध त्याच्या घरातल्या बारीक तारांचा भरू लागला. तेव्हा २००२ च्या सुमारास तारा पार काढून टाकणारी घरे निघाली. कोठे स्फटिक पालथा घालून त्यावर तांब्याची टोपी बसवली, कोठे रुंद तांब्याची पट्टी थेट पृष्ठावर डकवली. १९६० च्या दशकातले घर मुख्यतः उष्णतेसाठी बांधलेले होते. या घराला विजेचाही हिशेब द्यावा लागला.

बालिगांनी १९८२ मध्येच गणिताने दाखवून दिले होते की सिलिकॉनहून रुंद ऊर्जा-अंतराची, म्हणजे बँडगॅपची, द्रव्ये या कामी कितीतरी सरस ठरतील. ते भाकीत खरे व्हायला जवळजवळ तीस वर्षे गेली. सिलिकॉन कार्बाइड हे एकोणिसाव्या शतकापासून धार लावण्याच्या दगडासाठी वापरले जाणारे कठीण द्रव्य. त्याचे निर्दोष स्फटिक घडवणे अतिशय अवघड, परंतु सिलिकॉनच्या सुमारे दहापट विद्युत्‌क्षेत्र ते सोसते, आणि त्यामुळे तितक्याच दाबासाठी पुष्कळच पातळ थर पुरतो. त्याचे मॉसफेट २०१०-११ मध्ये बाजारात आले आणि २०१७ पासून विजेवरच्या मोटारगाड्यांत स्थिरावले. गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर आज मुठीत मावणाऱ्या चार्जरांत असतात. आणि हेक्सफेटचे तेच ॲलेक्स लिडो याही द्रव्याच्या प्रसारात अग्रभागी दिसतात. हे नवे स्विच इतके चपळ आहेत की सेकंदाच्या काही अब्जांश भागांत उघडतात आणि मिटतात. पण सेंटिमीटरभर साध्या तारेतही १० नॅनोहेन्रीच्या आसपास प्रवर्तकत्व, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, असते. ५० अँपिअरचा प्रवाह ५ नॅनोसेकंदांत तोडला तर एवढीशी तारही १०० व्होल्टांचा उलट तडाखा देते. म्हणून गॅलियम नायट्राइडच्या काही ट्रान्झिस्टरांनी घर जवळजवळ टाकूनच दिले: स्फटिकावरच डाखाचे ठिपके आणि तो थेट सर्किटच्या पाटीवर पालथा. वाड्यातून निघालेला हा प्रवास अखेर अंगणात येऊन थांबला आहे, आणि म्हणून अंगणाची आखणीच आता घराइतकी महत्त्वाची झाली आहे.

स्फटिक आणि घर यांचा हा सहप्रवास मुंबईच्या रुळांवर प्रत्यक्ष दिसतो. २००७ च्या अखेरीस आय.जी.बी.टी.वर चालणाऱ्या नव्या लोकल गाड्या धावू लागल्या. त्यांच्या तळाशी ते खटके नाहीत. स्थानक सोडताना सुराची पट्टी चढत जावी तसा एक गुंजारव ऐकू येतो, आणि तो ऊर्जा जाळण्याचा नसून मोजून देण्याचा आवाज आहे. ब्रेक लागताना याच गाडीची मोटर जनित्र होते आणि वेगातली वीज तारेत परत जाते. थांबतानाची जकात काही अंशी परतावा होऊन मिळते. पुढे १५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाहही गेला. २०१६ पर्यंत मुंबईचे उपनगरी मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टांच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आले. तेवढीच शक्ती अल्प प्रवाहात आणता येते, आणि उरलेले दाबाचे काम गाडीतले रोहित्र आणि स्फटिक वाटून घेतात.

माझा निर्णय एवढाच आहे की या शतकाच्या बचतीचे श्रेय वाटताना स्फटिकाच्या शोधकांबरोबर डाख, फरशी, तार आणि पट्टी यांची चिंता वाहणाऱ्या अनाम कारागिरांचा हिस्सा निम्म्याहून कमी धरणे अन्यायाचे होईल. जकात आजही पूर्ण माफ झालेली नाही, होणारही नाही. निसर्गाचा तो नियम आहे. पण ती कोठवर उतरली याची साक्ष एकाच मार्गाने दिली आहे. १९२५ मध्ये विजेची पहिली गाडी ज्या दोन स्थानकांच्या दरम्यान धावली, त्याच कुर्ला आणि व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दरम्यान, एप्रिल २०१६ मधल्या एका रात्री, मुंबईची एकदिश प्रवाहावरची शेवटची लोकल धावली.